नाव जास्मिनचं, छाटणी मोगऱ्याची

वेल चार वर्षं फुलत नव्हती, आणि तरी उन्हाळ्याच्या तोंडाशी रोज संध्याकाळी अंगणात तिचा वास यायचा. ताई म्हणायची, शेजाऱ्यांकडे काहीतरी फुललंय. शेजाऱ्यांकडे फुलणारं काही नव्हतं, मी कुंपणावरून डोकावून खात्री करून घेतली होती. प्रकरणाचा उलगडा शेवटी त्या वासावरूनच झाला. पण तिथवर पोचेपर्यंत आम्ही वेलीला जे जे औषधपाणी केलं, त्यातलं निम्मं तिला नको होतं.

वेल स्टार जास्मिनची. शास्त्रीय नाव ट्रॅकेलोस्पर्मम जास्मिनॉइडीस. मूळची चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम या पट्ट्यातली. पानं जाडसर, चकचकीत, गर्द हिरवी, समोरासमोर जोडीने येणारी. फुलं पांढरी, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची, पाच पाकळ्या एकाच दिशेला मुरडलेल्या. लहान मुलांचं भिरभिरं आठवावं, तशी. एकेरी तगर पाहिली असेल तर तिच्याशी साम्य लगेच लक्षात येईल, आणि ते उगाच नाही: दोघी एकाच कुळातल्या, म्हणजे कण्हेर, सदाफुली, देवचाफा यांच्या कुळातल्या. फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो याच घराण्याचा. जाई, जुई, मोगरा यांचं कुळ अगदी वेगळं, त्यांना चीक नसतो. 'जास्मिन' हे नाव तिला केवळ वासामुळे चिकटलंय. ही गोष्ट मी त्या वेळी अवांतर माहिती म्हणून ताईला सांगितली होती. ती अवांतर नव्हती, हे पुढे कळलं.

आम्ही काय पाहिलं

पूर्वेकडे तोंड असलेली भिंत, साधारण चार मीटर रुंद. भिंतीवर आडव्या तारा ओढलेल्या, तारा आणि भिंत यांच्यात चार बोटांची फट. वर उतरतं छप्पर आणि त्याच्या कडेला पन्हळ. रोप लावलं तेव्हा ते कुंडीतच फुललेलं होतं, आणि ताईने ते विकत घेतलं त्या फुलांकडे बघून. चिठ्ठीवर 'रिंकोस्पर्मम जास्मिन' असं लिहिलेलं. हे वेलीचं जुनं नाव. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाने 1844 मध्ये शांघायहून ही वेल इंग्लंडला पाठवली, आणि तिथे जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं बारसं या नावाने केलं. नंतर शास्त्रज्ञांनी नाव बदललं, पण रोपं विकणारे अजून जुनं सोडत नाहीत. ताईने त्यातला पहिला, न उच्चारता येणारा शब्द सोडून दिला आणि 'जास्मिन' तेवढं लक्षात ठेवलं.

पहिल्या वर्षी कुंडीतली फुलं संपली. पुढची चार वर्षं भिंत हिरवीगार भरत गेली, फूल मात्र एकही नाही. मला बोलावलं ते चौथ्या वर्षी. तेव्हाची माझी टिपणं अशी आहेत: वेल भिंतीभर आहे, समोरून अगदी सपाट, जणू हिरवी सतरंजी टांगलीय. तीन मीटरच्या पुढे तिची एक-दोन टोकं पन्हळीच्या नळावरून छपराकडे गेलेली. बुंध्याजवळची काही नवी पानं पिवळट, शिरा मात्र हिरव्या. मधल्या भागात पानांवर काळी काजळी, मुंग्यांची ये-जा. गेल्या थंडीत पानं तांबूस, ब्राँझसारखी झाली होती, म्हणून 'वेलीला काहीतरी झालंय' असं समजून ताईने भरपूर खत घातलं होतं.

या शेवटच्या ओळीवर थोडं थांबायला हवं, कारण पुष्कळ गैरसमज इथूनच सुरू होतो. थंडी पडली की स्टार जास्मिनची पानं तांबूस होणं हा रोग नाही. थंडीत, त्यातही उन्हात असलेल्या पानांमध्ये लाल रंगद्रव्य साठतं. ऊब आली की तीच पानं पुन्हा हिरवी होतात. तसंच नवी पालवी फुटताना जुनी काही पानं लाल-पिवळी होऊन गळतात. सदाहरित वेलीचं एकही पान कधी गळत नाही अशी बऱ्याच जणांची समजूत असते. ती सगळी एकदम टाकत नाही, इतकंच. पण रंग बदललेला बघून माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस खत घालतो.

माझी चूक

पहिला आरोप मी सावलीवर ठेवला. स्टार जास्मिन अर्धसावलीत जगते, वाढतेही, पण फुलांसाठी तिला ऊन लागतं, हे मला पाठ होतं. पाठ असलेल्या गोष्टींचा त्रास असा की त्या आधी तोंडात येतात आणि डोळे नंतर उघडतात. मी एक दिवस बसून दर तासाला भिंतीवर खडूने उन्हाची हद्द आखली. डावीकडे पाच तासांपेक्षा जास्त ऊन, मधे साधारण चार, उजवीकडे झाडाच्या सावलीमुळे तीनही नाही. झालं, म्हटलं, कारण सापडलं. ताई सरळ म्हणाली, "अरे, पण डावीकडेही फूल नाहीच की!" तिचं बरोबर होतं. सावली दोषी असती तर डाव्या भागात थोडी तरी फुलं दिसायला हवी होती. भिंत दोन्ही बाजूंना सारखीच मुकी होती.

मग खत. इथे मात्र संशयाला जागा होती. ताई वापरत होती ते हिरवळीसाठीचं खत, म्हणजे नत्र भरपूर. नत्राने वेल पानं आणि लांबसडक शेंडे काढते. फुलांचं तिला विसरायला होतं. शेंडे होतेही तसेच, दोन-दोन हात लांब, पेरं लांब लांब, कोवळे, लवचिक. आम्ही खत बंद केलं. पुढच्या हंगामात शेंड्यांचा धुडगूस कमी झाला, पानांचा आकार जरा आवरला. फूल नाही ते नाहीच. एक वर्ष गेलं.

बुंध्याशी उकरून पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. रोप भिंतीपासून वीतभर अंतरावर, तेही बांधकामाचा राडारोडा पुरलेल्या मातीत लावलं होतं. चुना-सिमेंटच्या तुकड्यांनी माती अल्कधर्मी होते, आणि तशा मातीत लोह असलं तरी मुळांना घेता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला केवडा पडणं म्हणतात, त्याचं कारण हेच. (जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर मी मॅग्नेशियमकडे बघितलं असतं.) शिवाय भिंतीला लागून असलेली पट्टी पाऊस पडला तरी कोरडी राहते, छप्पर आणि भिंत दोघंही पाणी अडवतात. वेल लावायची ती भिंतीपासून हात-सव्वा हात लांब, आणि खोड भिंतीकडे कललेलं ठेवायचं. हे सगळं खरं, सुधारण्यासारखं, आणि आम्ही सुधारलंही. पण पिवळ्या पानांचा प्रश्न वेगळा आणि फुलांचा वेगळा, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. दोन दुखणी एकत्र दिसली की आपण त्यांना एकच कारण शोधत बसतो.

पन्हळीतली फुलं

पाचव्या वर्षी, वासाच्या दिवसांत, पन्हळ तुंबली म्हणून मी शिडी लावून वर चढलो. पन्हळीत पानांच्या कुजक्या लगद्यावर पांढरी भिरभिरी तरंगत होती. मान वळवली तर छपराच्या कौलांवर वेलीचं एक टोक पसरलेलं, आणि त्यावर फुलांचे घोसच्या घोस. खालून छपराच्या कडेमुळे यातलं काहीच दिसत नव्हतं. वास या वेलीला संध्याकाळनंतर चढतो, तो अंगणात उतरायचा आणि आम्ही शेजाऱ्यांना श्रेय द्यायचो.

तेच खोड, तीच मुळं, तेच खत, तीच माती. वर फुलं आणि खाली एकही नाही. माती आणि खत यांची सुटका तिथेच झाली. वर ऊन जास्त होतं हे खरं, पण डाव्या भागालाही पाच तास ऊन मिळतच होतं. मग वर आणि खाली यांत फरक कशाचा? मी शिडीवरूनच विचारलं, "भाऊजी, तुमची कात्री कुठपर्यंत पोचते?"

"शिडीवरून हात पोचेल तिथपर्यंत," भाऊजी म्हणाले. आणि मग जरा अभिमानानेच, "दरवर्षी थंडी संपता संपता सगळी एकसारखी कापतो. जास्मिनला कडक छाटणी लागते, तुमच्या ताईनेच वाचून सांगितलंय."

ताईने वाचलं होतं ते चूक नव्हतं. ते मोगऱ्याबद्दलचं होतं. मोगऱ्याची फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, म्हणून थंडीच्या अखेरीस तो कडक छाटला की फुटवे जास्त आणि फुलंही जास्त. स्टार जास्मिनचं गणित वेगळं आहे. तिची फुलं मागच्या हंगामातल्या पक्क्या काडीवरून बाजूला निघणाऱ्या आखूड फुटव्यांवर येतात. थंडीच्या शेवटी ती काडीच कापली, तर त्या वर्षीचं फुलणंच कापलं. त्यानंतर वेल जोमाने फुटते, ते लांब शेंडे असतात. त्यांना पक्व व्हायला पूर्ण हंगाम लागतो, आणि ते पक्व होतात न होतात तोच पुन्हा कात्री. वर नत्राचं खत. वेलीला आपण दरवर्षी पहिल्या इयत्तेत बसवत होतो.

भिंतीचे तीन भाग

मला खात्री वाटत होती, पण सावलीबद्दलही वाटली होती. म्हणून पुढच्या थंडीत आम्ही भिंतीचे तीन भाग पाडले, सुतळी लावून. डावा आणि उजवा भाग भाऊजींनी अजिबात कापायचा नाही. मधला भाग नेहमीसारखाच, कुंपणाच्या मोठ्या कात्रीने सपाट. खत कुणालाच नाही. भाऊजींना हे जड गेलं. दोन्ही बाजूंनी केस वाढलेल्या माणसासारखी भिंत दिसायला लागली होती, आणि येणारा-जाणारा विचारत होता. पण मधला भाग तरी आपल्या मनासारखा आहे, या समाधानावर त्यांनी ते सोसलं.

फुलण्याची वेळ आली. डावीकडे घोस मोजता मोजता साठाच्या पुढे गेले, मग मी मोजणं सोडलं. उजवीकडे पंचवीस-तीस, तेही बरेचसे वरच्या अर्ध्यात. मधे तीन, आणि तिन्ही तारेच्या मागे, जिथे कात्रीचं पातं शिरत नाही तिथे.

एका वेलीवरून नियम काढू नये, हे मान्य. पण मधल्या भागाला ऊन उजव्यापेक्षा जास्त होतं आणि फुलं मात्र त्याच्या एक दशांशच, त्यामुळे इथे उन्हाकडे बोट दाखवता येत नव्हतं. उलट डाव्या आणि उजव्या भागांत कात्रीचा फरक नव्हता, उन्हाचाच होता, आणि फुलं निम्म्याहून कमी झाली होती. म्हणजे मी सावलीवर ठेवलेला आरोप अगदीच खोटा नव्हता, पण ती दुय्यम आरोपी होती. ताईला हे मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिने विषय बदलला.

पुढची छाटणी

सहाव्या वर्षी फुलं ओसरल्यावर लगेच आम्ही छाटणीला बसलो. फुलं झाल्यानंतरच्या या दिवसांत छाटलं, तर निघणाऱ्या फुटव्यांना पुढच्या फुलण्याआधी पिकायला पुरेसा वेळ मिळतो. मोठी कात्री बाजूला ठेवली, सिकेटर, म्हणजे एका हाताने चालवायची छोटी कात्री, घेतला. फरक नुसता हत्याराचा नाही. मोठ्या कात्रीने माणूस पृष्ठभाग कापतो, सिकेटरने एकेक काडी निवडावी लागते. लांब सुटलेले शेंडे बाजूच्या फुटव्यापर्यंत आखूड केले, गुंतलेल्या काड्या सोडवून रिकाम्या तारांवर बांधल्या, वाळक्या काढल्या. काही जण थंडीच्या अखेरीसही या वेलीला हात लावतात आणि त्यांच्याकडे ती फुलतेही; पण ते अशी विरळणी करतात, हजामत करत नाहीत.

मधला भाग सगळ्यात वाईट निघाला. वर पानांचं तळहाताएवढं जाड कवच, आणि आत नुसत्या काटक्या. वर्षानुवर्षं एकाच पातळीवर कापल्याने पानं फक्त बाहेर होती, आत ना ऊन ना वारा. त्या अंधारात काड्यांना तपकिरी खवले चिकटलेले, म्हणजे खवले कीड. ती रस शोषते आणि चिकट गोड द्रव टाकते. त्या द्रवासाठी मुंग्या येतात आणि त्यावर काळी बुरशी धरते. काजळी बघून ताईने मधे बुरशीनाशक फवारलं होतं. मूळ कारण किडीत असल्याने त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता. आम्ही जास्त लागलेल्या काड्या काढूनच टाकल्या, उरलेल्या साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या जुन्या टूथब्रशने घासल्या. कंटाळवाणं काम, पण कीड मोठी, कडक कवचाची झाल्यावर फवारणीपेक्षा घासणं बरं. पुढे आत उजेड गेला तशी ती फारशी परतली नाही.

जुनी खोडं मात्र एकदम कापली नाहीत. ही वेल जमिनीपासून गुडघाभर अंतरावर कापली तरी सहसा फुटते, पण मग एक-दोन हंगाम फुलांचं नाव नाही. म्हणून दरवर्षी मधल्या भागातली एक तृतीयांश जुनी खोडं, असं तीन वर्षांचं वाटप ठरवलं. कापताना चीक भळाभळा येतो. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. काहींच्या कातडीवर त्याने पुरळ उठतं, आणि डोळ्यात जाऊ देऊ नये. सिकेटरही मधूनमधून पुसावा, नाहीतर पाती चिकटून बसतात.

बुंध्याशी भिंतीच्या विरुद्ध बाजूने, मुळं न तोडता, राडारोडा जमेल तेवढा उपसला. पालापाचोळ्याचं कुजलेलं खत भरलं, वर आच्छादन, खोडाला न टेकवता. पाणी भिंतीच्या कडेला न घालता हातभर अलीकडे. पिवळ्या पानांसाठी एकदा कीलेट स्वरूपातलं, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येणारं, लोह दिलं. अल्कधर्मी मातीत साधं लोह टाकलं तर तेही इतर लोहासारखं अडकून बसतं. नंतरची पालवी हिरवी आली. उजवीकडच्या झाडाला हात लावला नाही. तिथे फुलं कमी येतील, चालेल.

थंडीत पानं पुन्हा तांबूस झाली. ताईने फोन केला, पण खत घातलं नाही.

सातव्या वर्षी डावी आणि उजवी बाजू भरून फुलल्या. मधल्या भागात वरचा अर्धा भाग पांढरा आणि खालचा अजून काटक्यांचाच; जुन्या खोडांना खालून फूट मिळायला वेळ लागतोय. मात्र सफाई करताना एक शेंडा जमिनीवर लोळत मातीत आपोआप मुळं धरून बसलेला सापडला होता. दाब कलम करायचं तर आपण मुद्दाम हेच करतो. तो मूळ वेलीपासून तोडून, मधल्या उघड्या भागासमोर, या वेळी भिंतीपासून सव्वा हातावर लावलाय. सध्या तो दुसऱ्या तारेपर्यंत आलाय. भाऊजी रोज संध्याकाळी त्याच्यापाशी उभे राहतात, हात मागे बांधून.